नऊ काट्यांचा हेकरू

आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या संग्रहालयात चारशेच्या वर बरण्या होत्या आणि त्यातल्या एकाही बरणीवरचं नाव चुकलेलं नव्हतं. एक सोडून. त्या एका बरणीपायी केरबा सोनकांबळे यांना नांदेड सोडावं लागलं. चूक माझी होती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. इतकी वर्षं गिळून बसलो होतो, आणि लिहिल्यावर बघतो तर तीनच शब्द.

कॉलेजात सगळे त्यांना मामा म्हणत. हुद्द्यानं ते प्रयोगशाळा परिचर. मी नवीन लागलो तेव्हा ते चाळिशीच्या आत-बाहेर असतील. बुटके, रुंद खांद्यांचे, आणि हाताच्या बोटांची कातडी फॉर्मॅलिननं सुकून कागदासारखी झालेली. दुपारचा डबा ते कधी प्रयोगशाळेत खात नसत. बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली बसत, आणि बसण्याआधी अर्धं लिंबू पिळून तीनदा हात धूत. तरी वास जायचा नाही. "आमच्या घरी मांजर टिकत न्हाई सर," ते एकदा म्हणाले. "माशाचा वास म्हणून येतंय, आन माझा शर्ट हुंगून पळतंय."

नांदेडात समुद्री माशांचा संग्रह कसा, असं नवीन माणूस विचारतोच. विभाग सुरू करणारे जुने सर मूळचे मालवणकडचे. दर सुट्टीत गावी जाताना रिकाम्या बरण्या न्यायचे आणि भरून आणायचे. त्यांना हेकरूंचं वेड होतं. हेकरू म्हणजे खडकाच्या कपारीत राहणारा, जाड ओठांचा, रागीट तोंडाचा मासा. त्याच्या पन्नासेक जाती, आणि एकीसारखी दुसरी दिसते. जुन्या सरांनी केरबा मामांना हाताशी घेऊन ते सगळं शिकवलं. मामांचं शिक्षण दहावी. पण सर गेल्यावर त्या बरण्यांतलं खरं ज्ञान असलेला माणूस विभागात एकच उरला, आणि त्याला खुर्ची नव्हती. तो स्टुलावर बसायचा.

बरणीवरची लेबलं मामांच्याच अक्षरात असत. काळी शाई, टाकाची निब, एकेक अक्षर सुटं. प्राध्यापकानं सांगायचं आणि मामांनी लिहायचं अशी रीत होती. रीत नावापुरती. मामा आधी मासा ताटलीत घ्यायचे, चिमट्यानं पाठीवरचा पंख उभा करायचे आणि स्वतः मोजायचे. हेकरूच्या पाठीच्या पंखात पुढच्या बाजूला टोकदार काटे असतात. एका घराण्यात नऊ, दुसऱ्यात अकरा. तिथून पुढं मग शेपटी, गालाची कड, खवले.

"रंगावर जाऊ नका," ते पोरींना सांगायचे. आमच्याकडं प्राणिशास्त्राला पोरीच जास्त. "रंग म्हंजी माशाची कापडं. भ्याला की बदलतंय, म्हातारा झाला की बदलतंय, मेला की उतरतंय. हाडं बदलत न्हाईत."

तोंडी परीक्षेच्या वेळी ते परीक्षकाच्या मागं उभे असत. बाकीचे परिचर अशा वेळी कान खाजवून, खोकून काही ना काही सुचवायचे. मामा नाही. एकदा एक मुलगी रडकुंडीला आली आणि बाहेर त्यांच्यावर चिडली, "मामा, नुसतं बोट केलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?"

"माझं काय जाणार बाई," मामा म्हणाले. "पण मी सांगितलं की तो मासा माझा झाला. तुझा कसा हुईल?"

त्यांच्या या स्वभावाचा फटका एकदा प्राचार्यांनाच बसला. त्यांच्याकडं पाहुणे येणार होते. कुणीतरी हैदराबादेहून बर्फात घालून जिताड्याचे तुकडे आणून दिले होते, आणि प्राचार्य ते सगळ्यांना कौतुकानं दाखवत होते. जिताडा मोठा मानाचा मासा. तेवढ्यात मामा काहीतरी सही घ्यायला आत आले. "काय मामा, ओळखा पाहू," प्राचार्य म्हणाले.

मामांनी वाकून बघितलं. "डोकं कुठं हाय?"

"डोकं कशाला आणतील? तुकडे आहेत."

"बिनडोक्याच्या माशाची वळख मी देत न्हाई सर," मामा म्हणाले, आणि सही घेऊन गेले. खोलीत आम्ही सातआठ जण होतो. कुणी हसलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बाहेर जाऊन हसून घेतलं. प्राचार्य हसले नाहीत आणि विसरलेही नाहीत.

मग तो प्रकल्प आला. किनाऱ्यावरच्या एका संस्थेला खडकांवरच्या आणि प्रवाळांवरच्या माशांची पाण्याखाली जाऊन नोंद करायची होती, आणि हेकरूंचा संग्रह आमच्याकडं असल्यामुळं आमच्या कॉलेजचं नाव त्यात आलं. विभागात मी एकटा त्यातल्या त्यात तरुण. पण पाण्याखाली एकट्यानं जायचं नसतं. जोडी लागते. माझे सहकारी एकेक कारण सांगून बाजूला झाले. कुणाची पाठ, कुणाची मुलगी बारावीला. मामा कोपऱ्यात बरण्यांत फॉर्मॅलिन भरत होते. तिथूनच म्हणाले, "मी येतो की."

ते पोहायला शिकले होते विष्णुपुरीला गोदावरीच्या पाण्यात, म्हशीचं शेपूट धरून. मालवणचा डुबकी शिकवणारा पोरगेला माणूस त्यांच्याकडं बघून म्हणाला, "काका, वय काय तुमचं? झेपात मां?"

"खाली पाणीच हाय ना?" मामांनी विचारलं.

"होय, पाणीच."

"मग काय."

पाठीवर हवेची टाकी आणि तोंडात नळी घेऊन माझी पहिली डुबकी मला आठवते ती भीतीसाठी. आठ-दहा मीटर खाली गेलो असेन. माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं, आणि ते कसं काढायचं हे शिकवलेलं सगळं मी विसरलो. वर पळायला निघालो. तसं वर येणं जिवावर बेतू शकतं. मामांनी माझं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा मास्क थोडा उचलून, नाकातून हवा सोडून दाखवलं. एकदा, दोनदा. मग मी केलं. मनगट त्यांनी त्यानंतरही बराच वेळ सोडलं नव्हतं. वर आल्यावर होडीत सगळे विचारत होते, कसं वाटलं सर? मामा टॉवेलनं डोकं पुसत म्हणाले, "सरांला सराव हाय जणू." नांदेडला परतल्यावरही त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मी सांगितली, पण माझ्या सोयीनं.

खाली ते वेगळेच दिसत. जमिनीवर त्यांची चाल जरा फेंगडी होती. पाण्यात मात्र एखाद्या खडकासमोर ते न हलता लोंबकळत राहायचे, पाच पाच मिनिटं. मग कपारीतला हेकरूच तोंड बाहेर काढायचा, हा कोण आलाय ते बघायला. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून काट्यांचा आकडा ते बोटांनी सांगत आणि मी तो पाटीवर पेन्सिलीनं लिहीत असे. खाडीच्या तोंडाशी पाणी गढूळ असायचं. तिथं नुसती सावली दिसे, आणि मी जिताड्याला हेकरू म्हणून मोकळा होत असे.

"तसं न्हाई सर," वर आल्यावर ते समजावत. "जिताडा पाण्यात टांगल्यावानी ऱ्हातो, मानंवर त्याच्या खोलगा असतो. डोळ्यावर बॅटरी मारा, लालसर चमकतो. हेकरूचं तसं न्हाई. त्यो पारावर बसलेल्या पाटलावानी टेकून बसतो, खालचा ओठ फुडं काढून."

मी आता जे सांगणार आहे ते सांगायला मला सोपं जात नाही.

शेवटच्या दिवशी आम्हाला एक वितीएवढा हेकरू मिळाला. नमुना म्हणून मोजके मासे धरायची परवानगी होती. गडद अंग, त्यावर रेघा, आणि कडेला एक वेगळीच झाक. पुस्तकातलं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. ही जात आपल्या किनाऱ्यावर कुणी नोंदवलेली नव्हती. मला घाई झाली. संध्याकाळी खोलीवर मी सांगत गेलो आणि मामा लेबल लिहीत गेले. नांदेडला आल्यावर अहवाल गेला. इथल्या एका वर्तमानपत्रात फोटोसह बातमी आली. आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेनं शाल-श्रीफळ दिलं. त्या फोटोत बरणी माझ्या हातात आहे आणि फोटोच्या कडेला मामांचा एक खांदा आला आहे.

सहा-सात महिन्यांनी किनाऱ्यावरच्या संस्थेतल्या एक तज्ज्ञ बाई नमुने तपासायला आल्या. शांत बाई. प्रयोगशाळेत प्राचार्य होते, आमचे विभागप्रमुख होते, मी होतो. विभागप्रमुख त्या वर्षी निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी माझं नाव जवळजवळ ठरलं होतं. मामा ताटली आणि चिमटा घेऊन उभे. बाईंनी ती बरणी मागितली. मासा ताटलीत घेतला, भिंग धरलं. मोजलं. पुन्हा मोजलं.

"सर, हे नऊ आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहिलेल्या जातीला अकरा असतात. ही तर आपल्याकडची नेहमीची जात आहे."

प्राचार्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "लेबलं मामा लावतात. दोन बरण्यांची अदलाबदल झाली असेल."

हे मी विचार करून बोललो नाही, असं मी स्वतःला फार दिवस सांगत आलो. पण ते वाक्य इतकं तयार होतं, की ते कुठंतरी आधीच बसून असणार.

सगळे मामांकडं वळले. मामा माझ्याकडं बघत होते. रागानं नव्हे. पाण्याखाली माझं मनगट धरलं होतं तेव्हा बघत होते तसंच, हा माणूस आता काय करतोय ते. मग ते प्राचार्यांना म्हणाले, "लेबल माझ्या हातचं हाय."

एवढंच. खोटं बोलले नाहीत आणि माझं नावही घेतलं नाही. खोलीतल्या सगळ्यांनी तो कबुलीजबाब मानला. मेमो निघाला. त्यांनी लेखी उत्तर दिलं, तेही एका ओळीचं: लेबल माझ्या अक्षरात आहे.

स्टाफरूममध्ये दोन दिवस चर्चा झाली. मामा हल्ली पितात, असं एक जण म्हणाला. मामांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. दुसरा म्हणाला, "या लोकांना डोक्यावर बसवलं की..." आणि त्यानं वाक्य तिथंच सोडलं. बसलेल्या प्रत्येकानं ते मनात पुरं केलं. माझं म्हणणं इतक्या पटकन खरं का धरलं गेलं, हे मला तेव्हा कळत होतं. मी पाटलाचा मुलगा आणि ते सोनकांबळे. मी चहा पीत होतो. पीत राहिलो.

त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला आणि बदली झाली लातूरजवळच्या मुरुडला, आमच्याच संस्थेच्या कॉलेजात. तिथं विज्ञान शाखा नव्हती. घंटा देणं, टपाल नेणं, फाटक उघडणं. जाण्याच्या दिवशी ते संग्रहालयात एकटेच तासभर होते. मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यांनी टाक आणि शाईची दौत माझ्या टेबलावर ठेवली होती, खाली कागद घालून, शाई लागू नये म्हणून.

मी विभागप्रमुख झालो.

पुढची आठ वर्षं मी त्यांना भेटलो नाही. मुरुड काही परदेशात नाही. नांदेडहून लातूर आणि तिथून पुढं तासाभराची वाट. मुरुडहून कुणी आलं की मी मामांची चौकशी करायचो, आणि समोरच्यानं "बरे आहेत" म्हटलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. मग कळलं की ते निवृत्त होऊन लातूरला मुलीजवळ राहतात. गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात परीक्षेच्या कामानं मी लातूरला गेलो, आणि जाताना एक कागद टाइप करून नेला. आमच्या संस्थेच्या नावे माझा जबाब. सदर नमुन्याच्या ओळखीत माझ्याकडून अनवधानाने चूक झाली. श्री. सोनकांबळे यांनी लेबल माझ्या सांगण्यावरून लिहिले. त्यांच्या सेवापुस्तकातील शेरा काढून टाकावा. खाली माझी सही. मला वाटत होतं मी फार मोठं काही घेऊन चाललो आहे.

दोन खोल्यांचं घर. पुढं छोटं अंगण, लोखंडी फाटक. मामा अंगणात बाज घेऊन बसले होते, तिच्या विणीची सुती पट्टी, नवार, ताणत. केस पूर्ण पांढरे झाले होते, खांदे तसेच. "या सर," ते म्हणाले, जसं काही मी काल येऊन गेलो होतो.

त्यांच्या बायकोनं पाणी आणलं. तांब्या ठेवत म्हणाल्या, "ह्ये म्हणायचे, सर येत्याल. म्या म्हणलं, नांदेड लई लांब हाय."

"मावशी, माझं चुकलंच," मी म्हटलं.

"चहा ठिवते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी कागद दिला. मामांनी हात पुसले, चष्मा आणवला, आणि वाचायला लागले. एकदा वाचून झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी अंगणातल्या तुळशीकडं बघत होतो. मग त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं.

"ह्ये अनवधान कुठलं सर?"

मी पाण्याचा तांब्या उचलला.

"त्या दिवशी मालवणला, खोलीवर, मी काय म्हणलो होतो ते ह्याच्यात कुठं हाय?"

आता मला वाचणाऱ्यांची माफी मागायला हवी. वर मी लिहिलं, मी सांगत गेलो आणि मामा लिहीत गेले. तसं झालं नाही. कागदात गाळलं तेच मी इथंही गाळलं. त्या संध्याकाळी त्यांनी मासा ताटलीत घेतला, काटे मोजले, आणि टाक खाली ठेवून म्हणाले, "सर, नऊ हायत. दोनदा मोजलेत." मी म्हटलं, एखादा मोडला असेल, रंग बघा ना. ते म्हणाले, "मोडला असता तर मूळ दिसलं असतं. तुम्ही बघा." मी बघितलं नाही. मी म्हटलं, "मामा, मी सांगतो ते लिहा." हाच माझा आवाज होता, याच शब्दांत. मग त्यांनी टाक उचलला.

चूक नव्हती ती. मला सांगितलं गेलं होतं.

"कागद चांगला हाय," मामा म्हणाले. "मेहनत घेतली तुम्ही. पण ह्यानं काय हुतंय बघा. ह्यानं मी लिव्हणारा म्हणून सुटलो. वळखणारा म्हणून न्हाई सुटलो. लोक म्हणत्याल, सरांनी सांगितलं, ह्या येड्यानं लिव्हलं. मला नऊ आन अकरा कळत नव्हतं, असं ऱ्हातंय ना मागं."

"मामा, शेरा तर जाईल."

"शेऱ्याचं काय करू आता? पेन्शन सुरू हाय. नातीला सांगतो मी, सगळे हेकरू मला तोंडपाठ हायत. ती म्हणते, मग बाबा, तुमाला काढलं कशाला?" त्यांनी कागदाची घडी घातली, होती तशीच, आणि माझ्याकडं दिली. "मी सांगितलं होतं, तेवढं लिव्हा. बाकी तुमी म्हणाल तसं."

अनवधानाला माफी असते. माहीत असून केलेल्याला चौकशी असते, आणि माझी निवृत्ती तीन वर्षांवर होती. हे सगळं त्या अंगणात एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. मी म्हटलं, "इथं हातानं नको. नीट टाइप करून आणतो."

"आणा," मामा म्हणाले.

त्याला दीड वर्ष होऊन गेलं. ते वाक्य टाइप करायला दोन मिनिटं लागली असती. ते मी आज इथं लिहितो, म्हणजे मला पुन्हा टाळता येणार नाही: केरबा सोनकांबळे यांनी मासा मोजून मला त्याच संध्याकाळी बरोबर ओळख सांगितली होती, आणि माहीत असून मी त्यांना चुकीचं नाव लिहायला लावलं. संस्थेला द्यायच्या कागदावरही आता हेच आहे, सही करून. अनवधान काढलं आहे.

त्या दिवशी चहा झाल्यावर मी निघालो तेव्हा मामा पुन्हा बाजेपाशी जाऊन बसले होते. माझ्याकडं पाठ होती. बाजेच्या माच्याला एक पाय लावून त्यांनी नवार ओढली, आणि बायकोनं पलीकडून टोक धरलं. मी फाटक ओढून घेतलं आणि चप्पल नीट करायला खाली वाकलो, म्हणून मला ऐकू आलं.

"गेले का सर?" मावशींनी विचारलं.

"येत्याल," मामा म्हणाले. "कागद आणायचाय त्यांला. वड जरा, सैल पडून राहिली."